एचडीएमआय-२ चे मानकरी

घरातला संगणक मोठ्या टीव्हीला आणि होम थिएटरला जोडून सगळ्यांनी मिळून सिनेमा पाहायचा, असा बेत मराठी घरांत साधारणपणे शनिवारी रात्री ठरतो. नऊची वेळ दिली जाते. साडेनऊला घरातला कर्ता पुरुष टीव्ही आणि भिंत यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीत खांद्यापर्यंत शिरलेला असतो, आणि बाहेर उरलेल्या कुटुंबाशी त्याचं बोलणं चालू असतं. "आता दिसतंय का?" "दिसतंय, पण आवाज नाही." "आता?" "आवाज आला. चित्र गेलं." "आता?" "आता दोन्ही आहे, पण आवाज लॅपटॉपमधूनच येतोय." साडेदहाला चिवडा संपतो, अकराला मुलं झोपतात, आणि साडेअकराला सहाही स्पीकर एकदम गरजतात तेव्हा ते ऐकायला तो एकटाच जागा असतो. खालच्या मजल्यावरचं कुटुंबही जागं होतं, पण ते धरायचं नाही. या सगळ्याचा दोष लोक तंत्रज्ञानाला देऊन मोकळे होतात. माझं म्हणणं वेगळं आहे. तंत्रज्ञान किचकट आहे, कबूल. पण तो किचकटपणा घरोघरी इतक्या निगुतीने जपला जातो, की त्यात कोणाचं तरी हित असल्याशिवाय हे होणार नाही. ते हित कोणाचं, हे शोधायला फार लांब जायला नको. टॉर्च कोणाच्या हातात आहे तेवढं बघावं.

एके काळी कर्त्या पुरुषाकडे बरीच खाती होती आणि प्रत्येक खात्याबरोबर थोडा मान होता. विजेचं बिल रांगेत उभं राहून भरायचं, रेल्वेचं आरक्षण पहाटे खिडकीवर जाऊन करायचं, गॅसचा नंबर लावायचा, बँकेतून पासबुक भरून आणायचं. ही खाती एकेक करून गेली. बिल फोनवरून भरलं जातं, तिकीट मुलगी काढते, गॅसला नुसता मिस्ड कॉल पुरतो. वर्तमानपत्र आधी वाचण्याचा हक्क तेवढा शाबूत आहे, कारण त्यावर दुसरा दावेदारच उरला नाही. अशा पडत्या काळात आमच्या वर्गाच्या हाती एक नवं खातं आलं. टीव्हीला कोणता सोर्स लावला की संगणक दिसतो, हे घरात एकालाच ठाऊक असतं. तो एचडीएमआय-२ चा मानकरी. मान टिकवायचा तर ज्ञान वाटून चालत नाही, आणि म्हणूनच ज्या घरात साबुदाण्यापासून खसखशीपर्यंत प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते, त्या घरात टीव्हीमागच्या सात काळ्या वायरींवर एकही चिठ्ठी नसते. मानकरी परगावी गेला की याची फळं दिसतात. फोनवर विचारणा होते, "संगणक कसा लावायचा?" तो म्हणतो, "काळा रिमोट घे." "सगळेच काळे आहेत." "त्यातला लांबट." "दोन लांबट आहेत." "ज्याला मागे झाकण नाही तो." "एकालाही नाही." "राहू दे मग, मी आल्यावर बघतो." हे शेवटचं वाक्य म्हणताना त्याच्या आवाजात जो समाधानाचा सूर असतो, तो माझा पहिला पुरावा.

यावर आक्षेप येईल की ही जोडणी खरोखरच अवघड होती, त्याला बिचारा काय करणार? होती, हे मान्य. आयबीएमने १९८७ साली पीएस/२ संगणकांबरोबर आणलेलं व्हीजीए फक्त चित्र न्यायचं. त्याला पंधरा पिना, त्या कधी ना कधी वाकायच्याच, आणि दोन बाजूंना दोन स्क्रू. आवाजासाठी वेगळी वायर, तिच्यासाठी संगणकाच्या पाठीवर हिरवी, गुलाबी आणि निळी अशी भोकं. कुठला रंग कशासाठी हे मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलच्या 'पीसी ९९' नियमावलीने ठरवून दिलं होतं, पण टेबलाखालच्या अंधारात हिरवं आणि निळं सारखंच दिसतं आणि गुलाबीत स्पीकर खुपसला तर काहीच ऐकू येत नाही. १९९९ साली डीव्हीआय आलं, तेही आवाजाच्या बाबतीत घुमंच. मग २००२ च्या डिसेंबरात एक चमत्कार झाला. हिताची, पॅनासॉनिक, फिलिप्स, सोनी, थॉमसन, तोशिबा आणि सिलिकॉन इमेज या सात कंपन्यांनी मिळून चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणारं एचडीएमआय आणलं. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या कंपन्या एका वायरीवर एकत्र आल्या. आता गोष्ट इथे संपायला हवी होती. पण आपण काय केलं? नवी वायर आणली आणि जुन्या सगळ्या वायरी एका पिशवीत घालून माळ्यावर ठेवल्या. "टाकू का?" "नको, लागेल कधीतरी." पिवळी-पांढरी-लाल शेपटं, निळ्या डोक्याचं व्हीजीए, कुठल्या तरी वारलेल्या डीव्हीडी प्लेअरचा अ‍ॅडाप्टर, असा ऐवज त्यात असतो. किचकटपणाचा खरोखर वैताग आलेला माणूस तो माळ्यावर जपून ठेवत नाही.

शिवाय एक वायर आली म्हणून मानकऱ्याचं काम संपलं असं झालं नाही. आवाजाने त्याला हात दिला. एचडीएमआयची वायर संगणकातून टीव्हीत गेली की आवाजही तिच्या मागोमाग टीव्हीत जातो आणि टीव्हीच्या पोटातल्या दोन पिचक्या स्पीकरांतून नाकात बोलू लागतो. इकडे हजारो रुपयांचं होम थिएटर निळा दिवा लावून गप्प बसलेलं. मग टीव्हीतून तो आवाज परत बाहेर काढून अ‍ॅम्प्लिफायरला द्यायचा. त्यासाठी तोशिबाने १९८३ साली काढलेली ऑप्टिकल वायर आहे. तिच्या टोकाला लाल उजेड दिसतो, त्यामुळे ती पाहुण्यांना दाखवायला फार चांगली. पण तिच्यातून सहा वाहिन्यांचा आवाज आवळून बांधलेला असेल तरच जातो, मोकळा जात नाही, आणि पुष्कळ टीव्ही संगणकाकडून सहा वाहिन्या घेतात आणि पुढे दोनच देतात. मधल्या चार कुठे जातात, हे महापालिकेच्या कामाशी परिचय असलेल्यांना वेगळं सांगायला नको. २००९ साली एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीत एआरसी नावाची सोय झाली आणि त्याच वायरीतून आवाज उलटा परतू लागला. मात्र टीव्हीला तीन भोकं असली तरी ही सोय त्यांतल्या एकालाच, आणि ते हटकून भिंतीला सगळ्यात जवळचं. एका यंत्राने दुसऱ्याला हुकूम देण्याची सोयही याच वायरीत आहे, पण तिला सॅमसंग अ‍ॅनीनेट म्हणतं, सोनी ब्राव्हिया सिंक म्हणतं आणि एलजी सिंपलिंक म्हणतं. ती चालू राहिली, की रविवारी सकाळी होम थिएटरवर भक्तिगीतं चालू असताना कोणी वीज वाचवायला टीव्ही बंद करतं आणि भीमसेन जोशी सुरेल तानेच्या मध्यावर गप्प होतात. "काय झालं?" असं सगळे मानकऱ्याकडे बघून विचारतात. तो रिमोट उचलतो आणि म्हणतो, "थांबा, कोणी हात लावू नका." बघा, खातं जिवंत आहे.

आता कोणी म्हणेल की कंपन्यांनी मुद्दाम घातलेले अडसर तरी त्या बिचाऱ्याच्या माथी मारू नका. तेही खरं आहे. इंटेलने तयार केलेली एचडीसीपी नावाची पहारेदारी या वायरीत बसवलेली आहे. चित्र पुढे सोडण्यापूर्वी संगणक टीव्हीला विचारतो, तुझ्याकडे परवाना आहे का? मध्ये अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्यालाही विचारतो. तिघांतल्या एकाचा परवाना जुना निघाला तर चित्र खालच्या दर्जाचं येतं, नाही तर पडदा काळा पडतो. बरं, एकदा विचारून थांबत नाही, दर थोड्या वेळाने पुन्हा विचारतो. हे आपल्या सोसायटीच्या वॉचमनसारखं आहे. दहा वर्षं रोज येणाऱ्या काकूंना तो वहीत नाव, फ्लॅट नंबर आणि येण्याचं कारण लिहायला लावतो, आणि चोर मागच्या भिंतीवरून येतो. या पहारेदारीची मुख्य किल्ली २०१० साली फुटून जगजाहीर झाली आणि ती खरी असल्याचं खुद्द इंटेलला मान्य करावं लागलं. चोरांची सोय झाली. पैसे भरून सिनेमा पाहणाऱ्यांचा पडदा मात्र अजून काळा पडतो. एवढा अन्याय झाल्यावर माणूस तक्रार करेल, पत्रं लिहील, निदान दुकानात जाऊन भांडेल. मानकरी यांतलं काहीच करत नाही. तो सगळ्यांना शांतपणे सांगतो, "हँडशेक होत नाहीये." घरात क्षणभर आदर पसरतो. आजी विचारते, "कोणाचा?" यावर तो गूढ हसतो. अडसर कंपन्यांनी घातला हे खरं, पण त्यावर व्याज कोण खातंय तेही पाहायला हवं.

खरेदीच्या वेळी हेच दिसतं. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली ही या पंथाची क्षेत्रं. "किती मीटर देऊ?" असं दुकानदार विचारतो. मानकऱ्याने घरी संगणक ते टीव्ही हे अंतर हवेतून सरळ रेषेत मोजलेलं असतं. वायर शोकेसच्या मागून, प्लगच्या पाटीला वळसा घालून, गणपतीच्या कोनाड्याखालून जाणार हे त्यात धरलेलं नसतं, त्यामुळे दीड मीटरची वायर येते आणि अर्ध्या वाटेत संपते. दुसऱ्या फेरीत दुकानदार त्याला सोन्याचा मुलामा दिलेली दाखवतो. "याने रंग खुलतात साहेब." डिजिटल वायरीतून संदेश एक तर नीट पोचतो, नाही तर चित्रात ठिणग्या उडतात किंवा पडदा मिटतो, रंग खुलवण्याचं काम तिच्याकडे नाही. टोकाचा मुलामा गंजापासून वाचवतो, एवढंच. मानकऱ्याला हे माहीत असतं, तरी तो तीच घेतो आणि घरी येऊन विचारतो, "फरक कळतोय ना?" घरचे म्हणतात, "हो, खूपच." सिनेमा सुरू व्हावा एवढाच त्यांचा हेतू असतो. खरा फरक जिथे पडायला हवा तिथे कोणाचं लक्ष नसतं. संगणकाच्या पडद्याची चारही बाजूंची कड टीव्हीवर कापली जाते, खालची पट्टी अर्धी दिसते आणि कोपऱ्यातलं घड्याळ भिंतीत जातं. जुन्या काचेच्या टीव्हींत चित्राची कड वेडीवाकडी असायची, म्हणून चित्र थोडं फुगवून ती चौकटीआड लपवत. चौकट गेली, काच गेली, फुगवणं राहिलं. ते बंद करायची कळ टीव्हीत असते, पण कोणाकडे 'जस्ट स्कॅन', कोणाकडे 'स्क्रीन फिट', कोणाकडे 'फुल पिक्सेल' अशा टोपणनावांनी ती मेनूच्या तिसऱ्या तळघरात राहते. ती शोधण्यापेक्षा मानकऱ्याला स्पष्टीकरण देणं सोपं जातं. "पडदा मोठा आहे ना, म्हणून कडा मावत नाहीत." मोठ्या पडद्यात कमी मावतं, हे तत्त्व त्या घरात मग वर्षानुवर्षं नांदतं.

सगळ्यात सूक्ष्म सत्ता चालते ती ओठ आणि आवाज यांच्या मेळावर. टीव्ही चित्राला नटवण्यात काही मिलिसेकंद घालवतो, तेवढ्यात आवाज दुसऱ्या रस्त्याने पुढे पोचतो. ब्लूटूथ वापरलं तर उलट आवाजच मागे राहतो. किती फरक माणसाला कळतो, हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने १९९८ साली नमूद करून ठेवलं आहे. आवाज चित्राच्या आधी आला तर ४५ मिलिसेकंदांपासून खटकतो, मागून आला तर १२५ पर्यंत खपून जातो. हे स्वाभाविकच आहे, कारण प्रकाश आवाजापेक्षा वेगवान आणि वीज दिसल्यावर गडगडाट ऐकायची आपल्याला जन्मापासून सवय. गडगडाट ऐकल्यावर वीज दिसायची नाही. म्हणजे निसर्गाने सामान्य प्रेक्षकाला बरीच सूट दिलेली आहे. घरचे लोक ती सूट घेऊन सुखाने सिनेमा पाहत असतात. नायिका रडते आहे, आजीचे डोळे पाणावले आहेत. तेवढ्यात मानकरी म्हणतो, "ओठ बघा तिचे." "काय झालं ओठांना?" "आवाज पुढे आहे." बास. त्यानंतर घरात एकालाही सिनेमा दिसत नाही, नुसते ओठ दिसतात. सिनेमा थांबतो, मेनू उघडतो, 'डिले' नावाच्या आकड्यात दहा-दहा मिलिसेकंदांची भर पडते आणि प्रत्येक वेळी कुटुंबाचं मत घेतलं जातं. "आता?" "ठीक वाटतंय." "वाटतंय की आहे?" ज्या दोषाशिवाय सगळे सुखी होते, तो दोष आधी दाखवून द्यायचा आणि मग दूर केल्याचं श्रेय घ्यायचं, ही कार्यपद्धती निवडणुकीच्या राजकारणातही यशस्वी ठरलेली आहे.

यावर रसिकतेचा आक्षेप येतो. काही झालं तरी हा माणूस उत्तम आवाजासाठी झटतो आहे, त्याची चेष्टा काय करायची? त्याची रसिकता तपासायची तर मागचे स्पीकर कुठे ठेवले आहेत ते पाहावं. शास्त्र सांगतं की ते प्रेक्षकाच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, समोरच्या रेषेपासून १०० ते १२० अंशांच्या दरम्यान असावेत. आपल्या हॉलमध्ये सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो आणि सोफ्याच्या मागे जायला फक्त पालीला वाव असतो. शिवाय वायर तेवढी पुरत नाही. म्हणून मागचे दोन्ही स्पीकर पुढे, शोकेसवर, लग्नातल्या घड्याळाच्या आजूबाजूला विराजमान होतात आणि पाठीमागून यायचा शत्रू समोरूनच येतो. सबवूफरवर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर कुंडी. डॉल्बी डिजिटल १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर आणि डीटीएस १९९३ साली 'जुरासिक पार्क'बरोबर चित्रपटगृहांत आलं. त्यांतला डायनासोर पाय आपटतो तो प्रसंग आल्या-गेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवला जातो. तेवढाच. त्या डायनासोराचं पुढे काय झालं हे त्या घरात कोणाला ठाऊक नसतं. 'श्यामची आई' लावला तरी १९५३ सालचा तो एका वाहिनीचा आवाज सहाही स्पीकरांतून यायलाच हवा, कारण पैसे सहांचे दिलेत. मग श्यामच्या आईचा शब्द कुंडीखालून आणि घड्याळाजवळून एकाच वेळी येतो. या सगळ्याच्या मागे पन्नास हर्ट्झची एक 'घूं' अखंड चालू असते. मानकरी म्हणतो, "अर्थिंगचा प्रॉब्लेम." महाराष्ट्रात फ्रिजपासून स्वभावापर्यंत कुठल्याही बिघाडाचं हे निदान केलं जातं, आणि इथे ते चक्क बरोबर असतं. संगणकाचा चार्जर आणि टीव्हीला आलेली केबल वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला टेकतात आणि त्या वळशात ही घूं जन्मते. चार्जर काढला की ती जाते. मग शांतता इतकी सुंदर असते की चार्जर परत लावायचं कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि खुनी कोण हे कळायच्या आत बॅटरी संपते. चार्जरची तिसरी पिन तोडून ही घूं घालवणारे महाभागही आहेत. त्यांना एवढंच सांगणं आहे की ती पिन माणसं वाचवण्यासाठी असते. घूं सहन करावी.

दोन आक्षेप उरतात. पहिला असा की स्मार्ट टीव्ही आला, सगळं टीव्हीतच मिळतं, संगणक जोडतो कोण? प्रश्न चांगला आहे आणि उत्तर तो प्रश्नच देतो. टीव्हीत सगळं मिळत असूनही ज्या घरी संगणक जोडला जातो, तिथे कारण करमणुकीचं नसतं. "टीव्हीतल्या अ‍ॅपला ती क्वालिटी नाही," असं मानकरी म्हणतो, किंवा हार्ड डिस्कमध्ये लग्नाची कॅसेट उतरवून ठेवली आहे असं म्हणतो, जी बघायची मागणी घरातून आजवर कोणीही केलेली नसते. दुसरा आक्षेप वयस्कर मंडळींचा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं तेव्हापासून गच्चीवरच्या अँटेनाचं हेच नव्हतं का? "आलं का?" "आलं!" "आता?" "गेलं!" हाच तर संवाद. संवाद तोच, पण राज्यघटना वेगळी होती. गच्चीवरच्याला पडदा दिसत नसे, पडद्यासमोरच्याला अँटेना हलवता येत नसे आणि मधल्या जिन्यात निरोप पोचवणारा तिसरा लागे. सत्तेची वाटणी झालेली होती. गच्चीवरचा कितीही तोरा मिरवला तरी "राहू दे तसंच, हात काढ" हा खालचा हुकूम त्याला ऐकावा लागे. शिवाय चाळीतली अर्धी बिऱ्हाडं टीव्ही बघायला येऊन बसलेली असल्यामुळे उशीर झाला तर लोक बोलत. आताच्या व्यवस्थेत टॉर्च, रिमोट, मेनू आणि अंतिम निर्णय हे सगळं एकाच हातात आहे. प्रेक्षक बोलत नाहीत, कारण ते प्रत्येकी आपापल्या मोबाइलवर दुसरंच काहीतरी पाहत असतात.

माझ्या म्हणण्याचा निर्णायक पुरावा या मोबाइलमधून डोकं वर काढतो. तो म्हणजे घरातली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. मानकरी फटीत असताना ती उठते, संगणकावर विंडोजची कळ आणि पी ही अक्षरकळ एकदम दाबते, चार पर्यायांतला एक निवडते, आवाजाच्या यादीत अ‍ॅम्प्लिफायरच्या नावावर टिचकी मारते आणि परत जाऊन बसते. चित्र येतं, आवाज येतो, ओठही जुळतात. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ सालापासून, ही कळजोडी तिथेच आहे. एखाद्या माणसाला खरोखर सिनेमाच पाहायचा असता तर हा क्षण आनंदाचा ठरला असता. प्रत्यक्षात मानकरी फटीतून बाहेर येतो, केसांतलं जळमट काढतो आणि विचारतो, "तू नक्की काय केलंस?" "काही नाही, विंडोज-पी." "ते तात्पुरतं असतं." असं म्हणून तो सगळ्या वायरी काढतो आणि 'व्यवस्थित' लावायला बसतो. यावर घरातली बाई काही बोलत नाही. तिला हे सगळं पहिल्या शनिवारीच समजलेलं असतं. तिने हिशेब केलेला असतो की हा माणूस टीव्हीमागे आहे तोवर तो स्वयंपाकघरात येऊन फोडणीला सल्ला देत नाही, मुलांचा अभ्यास घेत नाही आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाण्याच्या टाकीबद्दल लिहीत नाही. त्या दृष्टीने होम थिएटरची किंमत केव्हाच वसूल झालेली असते. म्हणजे हित एकट्या मानकऱ्याचं नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. किचकटपणा टिकतो तो दोन्ही पक्षांच्या संमतीने.

वास्तविक सगळी विद्या एवढीच आहे. संगणकातून एचडीएमआयची एक वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला, अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटमधून दुसरी टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या भोकात. टीव्हीला तो सोर्स, अ‍ॅम्प्लिफायरला संगणकाचा सोर्स. संगणकात विंडोज-पी आणि आवाजाच्या यादीत अ‍ॅम्प्लिफायरचं नाव. टीव्हीतलं चित्र फुगवणं एकदाच बंद. अ‍ॅम्प्लिफायर जुना असून त्याला एचडीएमआय नसेल तर संगणक थेट टीव्हीला आणि टीव्हीतून लाल उजेडाची ऑप्टिकल अ‍ॅम्प्लिफायरला; तेव्हा सहाऐवजी दोनच वाहिन्या मिळाल्या तरी खळखळ करायची नाही, मागचे स्पीकर तसेही पुढेच आहेत. हे एका कार्डावर बसतं आणि ते कार्ड टीव्हीच्या पाठीला चिकटवता येतं. ज्याला चिकटवायचं असेल त्याने जरूर चिकटवावं. फक्त गोंद लावण्यापूर्वी पुढचं चित्र डोळ्यांसमोर आणावं. शनिवारी रात्री नऊला बेत ठरला आहे, नऊ वाजून दोन मिनिटांनी चित्र आणि आवाज दोन्ही आलेलं आहे, चिवड्याची वाटी भरलेली आहे, कोणी कोणाला हाक मारत नाही आणि सोफ्यावर मधली जागा खास मानकऱ्यासाठी राखून ठेवलेली आहे. तिथे बसून आता त्याला तो सिनेमा बघावा लागणार. आख्खा, तीन तास, गाण्यांसकट.